प्रयोगशाळेतला शोध बाजारात कसा न्यायचा हे विद्यार्थ्यांना शिकवताना: पहिलं सत्र घेणाऱ्यांसाठी पायरीवार मार्गदर्शक

प्रयोगशाळेत एखादी गोष्ट चालते. पट्टी रंग बदलते, लेप पाणी झटकतो, सर्किट निम्म्या विजेत काम करतं. प्रबंध होतो, पेपर निघतो आणि नमुना कपाटात जातो. तो कपाटातून काढून विकत घेणाऱ्याच्या हातात कसा पोचवायचा, हे शिकवणारा एका सत्राचा अभ्यासक्रम तुम्ही पहिल्यांदाच घेणार असाल, तर हे टिपण तुमच्यासाठी आहे.

नवे अभ्यासक्रम बहुधा एकाच ठिकाणी फसतात. विद्यार्थी स्लाइड सुरेख करायला शिकतात, पण हा शोध नक्की कोणाच्या अडचणीवर आहे हे बघायला कोणी बाहेर पडत नाही. नेहमीच्या उद्योजकतेच्या वर्गात आधी अडचण दिसते, मग उत्तर शोधलं जातं. इथे उत्तर आधीच हातात असतं आणि अडचण कोणाची ते ठाऊक नसतं. सत्राची आखणी या उलट्या वाटेनेच करायला हवी.

खाली सगळीकडे एकच काल्पनिक उदाहरण घेतलं आहे: पाण्यातलं नायट्रेट मोजणारी कागदी पट्टी. नायट्रेट स्वतः रंग देत नाही. जस्ताच्या भुकटीने आधी त्याचं नायट्राइट होतं, मग ग्रीस अभिक्रियेने (नायट्राइट ओळखण्याची रासायनिक चाचणी) गुलाबी रंग येतो. अशा पट्ट्या बाजारात जुन्याच आहेत. आपल्या गटाचं वेगळेपण इतकंच: त्यांनी कागदावर मेणाच्या रेषांनी दोन कप्पे केले, जस्त एकात आणि रंग आणणारी रसायनं दुसऱ्यात ठेवली, आणि मधे एक अरुंद वाट सोडली. पाणी पडल्यावरच दोन्ही भेटतात, म्हणून पट्टी साठवणीत जास्त टिकते, असा त्यांचा दावा.

आधी जमवून ठेवायची कागदपत्रं आणि साधनं

- संस्थेचं बौद्धिक संपदा धोरण, आणि शोध कळवण्याचा संस्थेचा छापील नमुना
- प्रयोगवही: पानांवर क्रमांक, प्रत्येक नोंदीवर तारीख आणि सही
- ज्या अनुदानातून संशोधन झालं त्याचा करार
- बाहेरून आणलेल्या रसायनांचे, पेशींचे किंवा सॉफ्टवेअरचे वापराच्या अटींचे कागद
- गोपनीयतेच्या कराराचा एक-दोन पानी मसुदा
- मुलाखतीचा नोंदतक्ता आणि खर्चाचा तक्ता, दोन्ही कोरे
- एस्पेसनेट, पेटंटस्कोप आणि गूगल पेटंट्स ही पेटंट शोधायची संकेतस्थळं (तिन्ही फुकट वापरता येतात)

१. दोन महिने आधी शोध निवडा

वर्ग सुरू झाल्यावर शोध हुडकायला निघालात तर पहिले चार आठवडे त्यातच जातात. सहा ते आठ आठवडे आधी संशोधकांना भेटा. निवडीच्या कसोट्या तीन: निष्कर्ष किमान एकदा तरी दुसऱ्या माणसाच्या हातून पुन्हा आलेला असावा, मूळ संशोधक आठवड्याला एक तास द्यायला तयार असावा, आणि हक्क मोकळे असावेत.

शोध कुठल्या टप्प्यावर आहे हे सांगायला तंत्रसिद्धतेची मोजपट्टी (टीआरएल) वापरा. तिची कल्पना नासात १९७०च्या दशकात निघाली. आज ती १ ते ९ अशी आहे. ४ म्हणजे प्रयोगशाळेत चाललं, ५ म्हणजे प्रत्यक्षाशी जुळणाऱ्या परिस्थितीत चाललं, ७ म्हणजे नमुना खऱ्या कामाच्या जागी चालवून दाखवला. विद्यापीठातले बहुतेक शोध ३ किंवा ४ वर असतात. २ वर असलेला शोध एका सत्रासाठी घेऊ नका. मुलं बाहेर लोकांशी बोलतील, पण दाखवायला हातात काहीच नसेल. आणि संशोधक जो आकडा सांगतो त्यातून एक वजा करून धरलेला बरा.

२. मालकी कोणाची ते कागदावर बघा

अमेरिकेत १९८०च्या बेह-डोल कायद्याने सरकारी पैशातून झालेल्या शोधाची मालकी विद्यापीठांना ठेवता येऊ लागली. जर्मनीत २००२पर्यंत प्राध्यापकाचा शोध प्राध्यापकाचाच असे, मग तो नियम गेला. स्वीडनमध्ये तो अजून आहे. म्हणजे सगळीकडे लागू पडणारं उत्तर नाही; तुमच्या संस्थेचं धोरण आणि अनुदानाचा करार हेच वाचावं लागतं.

विद्यार्थ्यांचा प्रश्न त्याहून नाजूक. पगारावर असलेला संशोधक आणि फी भरून शिकणारा विद्यार्थी यांच्यावर संस्थेचा हक्क बहुधा सारखा नसतो. सत्रात एखाद्या मुलीने पट्टीत सुधारणा सुचवली तर ती कोणाची, हे पहिल्या तासाच्या आत लेखी ठरलेलं हवं. शेवटच्या आठवड्यात हा विषय निघाला तर भांडणच होतं.

शोधकर्ता कोण, हेही इथेच शिकवा. पेपरवर नाव येतं म्हणून पेटंटवर येत नाही. पेटंटच्या दाव्यातली (नेमका कशावर हक्क मागितला आहे ते सांगणाऱ्या वाक्यातली) कल्पना ज्याने मांडली तो शोधकर्ता. सांगितल्याप्रमाणे दोनशे पट्ट्या कापणारा नव्हे, आणि निधी आणणारा विभागप्रमुखही नव्हे. उलट, कप्पे वेगळे करण्याची युक्ती ज्या विद्यार्थ्याची आहे त्याचं नाव गाळलं तर पेटंट पुढे कोर्टात लटकू शकतं.

हमखास राहून जाणारी गोष्ट: बाहेरून फक्त संशोधनासाठी म्हणून मिळालेला घटक. एखादा रंगद्रव्य-रेणू किंवा प्रतिपिंड तशा अटीवर आला असेल, तर त्यावर उभं राहिलेलं उत्पादन विकता येत नाही. कपाटातल्या प्रत्येक बाटलीचा कागद तपासा.

३. बाहेर बोलण्याआधी पेटंटचं घड्याळ

हा भाग पहिल्याच तासाला घ्या. मुलं दुसऱ्या आठवड्यापासून लोकांशी बोलायला लागतात.

नियम साधा: अर्ज दाखल होण्याआधी शोध जगाला कळला तर तो नवा राहत नाही. अमेरिकेत स्वतःच्या प्रकटनानंतर, म्हणजे शोध उघड केल्यानंतर, १२ महिन्यांची सवलत आहे, जपानमध्ये २०१८पासून तितकीच. युरोपात ती जवळजवळ नाहीच, आणि भारतात अगदी मोजक्या प्रसंगांपुरती आहे. याची किंमत दाखवायला कोहेन आणि बॉयर या अमेरिकी शास्त्रज्ञांचं उदाहरण पुरेसं आहे. डीएनए जोडण्याच्या पद्धतीवरचा त्यांचा पेपर नोव्हेंबर १९७३मध्ये छापून आला. अर्ज गेला नोव्हेंबर १९७४मध्ये, वर्षाची मुदत संपायला जेमतेम आठवडा उरला असताना. अमेरिकेतलं पेटंट मिळालं आणि पुढे त्यातून २५ कोटी डॉलरहून जास्त रॉयल्टी आली. अमेरिकेबाहेरचे हक्क मात्र पेपर छापला गेला त्याच दिवशी गेले होते.

प्रकटन म्हणजे फक्त पेपर, असं मुलांना वाटतं. ग्रंथालयात नोंदवून ठेवलेला एक प्रबंधही पुरतो: जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठातल्या अशा एका प्रबंधामुळे १९८६मध्ये अमेरिकी न्यायालयाने अर्ज नाकारणं योग्य ठरवलं. परिषदेतलं पोस्टरही पुरतं: २००४च्या एका निकालात जेमतेम तीन दिवस लावलेलं, कसलीही गोपनीयतेची सूचना नसलेलं पोस्टर प्रकाशन मानलं गेलं. आता तुमच्याच अभ्यासक्रमाकडे बघा. सत्राच्या शेवटी पाहुणे बोलावून जे सादरीकरण ठेवता, तेही खुलं प्रकटनच. एक तर त्याआधी अर्ज दाखल झालेला असू द्या, नाहीतर पाहुण्यांकडून दारातच गोपनीयतेच्या कागदावर सही घ्या. वर्गातल्या इतर गटांकडूनही.

अनेक देशांत तात्पुरता अर्ज करता येतो. त्यानंतर पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात. १८८३च्या पॅरिस करारानुसार दुसऱ्या देशांत अर्ज करायलाही तेवढेच. पीसीटीच्या (एकाच अर्जाने अनेक देशांत सुरुवात करून देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) वाटेने गेल्यास देशोदेशी शिरण्याची मुदत पहिल्या तारखेपासून बहुतेक ठिकाणी ३० किंवा ३१ महिने. मुलं हे आकडे पाठ करतात आणि खरा सापळा विसरतात: तात्पुरत्या अर्जात जे लिहिलं तेवढ्यालाच ती तारीख मिळते. 'कागदावर रसायनं वेगळी ठेवली' एवढ्या दोन ओळी टाकून भागत नाही. मेणाच्या रेषेची रुंदी, वाटेची लांबी, जस्ताचं प्रमाण, कागदाचा प्रकार, चाललेले आणि न चाललेले पर्याय, सगळं त्यात हवं.

४. गट तीन किंवा चार जणांचा

एक जण शोधातलं विज्ञान जाणणारा, एक व्यवसायाच्या बाजूने विचार करणारा, एक त्या उद्योगात काम केलेला बाहेरचा मार्गदर्शक. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने २०११मध्ये सुरू केलेल्या आय-कॉर्प्स कार्यक्रमात गट असेच बांधले जातात. पाच जण झाले की एक जण नुसता स्लाइड करत बसतो.

मूळ संशोधकाला गटाचा नेता करू नका. मुलाखतीत समोरचा 'हे आमच्या उपयोगाचं नाही' म्हणाला की तो रसायनशास्त्र समजावायला लागतो.

५. पेटंटचा शोध मुलांच्या हातून करून घ्या

वकील नंतर करेलच, पण आधी मुलांनी केला तर त्यांना स्पर्धक दिसतात. नुसत्या शब्दांनी शोधलं तर पेटंटातली भाषा हुलकावणी देते. 'पट्टी'ला तिथे 'विश्लेषण साधन' म्हटलेलं असतं. म्हणून वर्गीकरणाचा क्रमांक वापरा. आपल्या उदाहरणासाठी जी०१एन ३३/१८ (पाण्याचं परीक्षण) आणि जी०१एन ३१/२२ (रासायनिक सूचक). या दोन वर्गांत 'नायट्रेट' टाका, जवळची दहा पेटंटं काढा, आणि प्रत्येकाचा फक्त पहिला दावा वाचून त्याचे तुकडे तक्त्यात मांडा.

इथे दोन प्रश्न वेगळे ठेवायला शिकवा. आपल्याला पेटंट मिळेल का, हा एक. दुसऱ्याच्या पेटंटवर पाय न देता आपल्याला विकता येईल का, हा दुसरा. कप्प्यांच्या युक्तीवर आपल्याला पेटंट मिळेल, तरीही कागदावर मेणाने वाट आखण्याची पद्धत दुसऱ्याच्या चालू पेटंटमध्ये असेल तर त्याची परवानगी लागेल.

'आम्हाला स्पर्धकच नाही' असं लिहिलेली स्लाइड आली तर परत पाठवा. कोणी तरी आज नायट्रेट मोजतंय, नाहीतर न मोजता भागवतंय. दोन्ही स्पर्धकच.

६. मुलाखती: सत्राचा निम्मा वेळ इथे

आय-कॉर्प्समध्ये सात आठवड्यांत १०० मुलाखती घ्याव्या लागतात. नेहमीचे इतर विषय सांभाळून एका सत्रात ४० ते ५० जमतात, म्हणजे आठवड्याला पाच-सहा. त्याहून कमी घेतल्या तर पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट दिसत नाही, आणि मुलं पहिल्या उत्साही माणसाचं बोलणं बाजाराचं मत समजतात.

सुरुवात यादीने होते. 'ग्राहक: शेतकरी, उद्योग, घरं' असं लिहून आणलं की परत द्या. यादीत हुद्दा हवा: हायड्रोपोनिक्स (मातीशिवाय पाण्यावरची शेती) केंद्राचा व्यवस्थापक, मत्स्यालयांना माल पुरवणारा वितरक, जलशुद्धीकरण केंद्रातला रसायनतज्ज्ञ, पट्ट्या बनवणाऱ्या कंपनीतला खरेदी अधिकारी. आणि प्रत्येकापुढे तो कोण ते लिहा: वापरणारा, पैसे देणारा, की नाही म्हणू शकणारा. या तिघांत गल्लत झाली की चाळीस मुलाखती वाया जातात. रसायनतज्ज्ञाला पट्टी आवडते, पण केंद्राला नोंद ठेवणारं मीटरच चालतं आणि तो निर्णय त्याचा नसतो.

जोडीने जा. एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. वीस ते तीस मिनिटं. पट्टी खिशातच. शोध दाखवला की समोरचा मदत करायच्या भरात कौतुक करतो आणि मुलाखत तिथेच संपते. गोपनीयताही त्यामुळे आपोआप सांभाळली जाते, कारण बोलणं त्याच्या अडचणीबद्दल चालतं, तुमच्या कप्प्यांबद्दल नाही.

'अशी पट्टी मिळाली तर घ्याल का?' हा प्रश्न वर्गात बंद. भविष्याबद्दल विचारलं की माणूस सभ्यपणे 'हो' म्हणतो. घडून गेलेल्याबद्दल विचारा. वर्गात हा काल्पनिक संवाद दोघांना वाचायला द्या:

'नायट्रेट शेवटचं कधी मोजलंत?'
'सोमवारी.'
'कसं मोजलंत?'
'पट्टीने. पण डबा उघडून दोन महिने झाले होते. रंग फिका आला, भरवसा वाटेना, म्हणून तीन पट्ट्या लावल्या.'
'मग?'
'तिन्ही वेगवेगळ्या. शेवटी नमुना लॅबला पाठवला.'
'तोपर्यंत टाकीचं काय केलंत?'
'पाणी बदललं. उगाच गेलं.'

मग मुलांना विचारा, इथे काय कळलं? बहुतेक जण म्हणतील, 'त्यांना टिकाऊ पट्टी हवी आहे.' तसं तो माणूस कुठे म्हणालाच नाही. हातात आलं ते असं: तीन पट्ट्या, एक लॅब तपासणी आणि टाकीभर पाणी, एवढा एका फिक्या रंगाचा खर्च. आणि पट्टी बिघडली ती कारखान्यातून निघाल्यावर नव्हे, डबा उघडल्यावर, दमट हवेने. म्हणजे प्रत्येक पट्टी वेगळ्या फॉइल पाकिटात घातली तरी हीच अडचण सुटते, शोधाशिवाय. आपल्या शोधाचा खरा प्रतिस्पर्धी एक साधं पाकीट आहे. हे कळलं त्या दिवसापासून अभ्यासक्रम खऱ्या अर्थाने सुरू होतो.

नोंद २४ तासांच्या आत लिहून घ्या. तक्त्यात रकाने चारच: काय गृहीत धरलं होतं, समोरचा त्याच्या शब्दांत काय म्हणाला, त्याने या अडचणीवर आजवर पैसे किंवा वेळ घातला का, आणि गृहीतक टिकलं की पडलं. 'छान प्रतिसाद' असा रकाना ठेवू नका. तो पहिला भरतो. आणि समोरच्याचं म्हणणं सारांशात नको, त्याच्याच शब्दांत हवं.

गृहीतक पडलं की गटाने पुढच्या तासाला ते सगळ्यांसमोर सांगायचं, पाच मिनिटांत. पहिले दोन आठवडे कोणी बोलत नाही. तुम्ही चुकलेल्या अंदाजांना गुण द्यायला लागलात की बोलतात.

७. नमुना प्रयोगशाळेबाहेर काढा

प्रयोगशाळेत पट्टी चालते, कारण पाणी ऊर्ध्वपातित असतं, प्रकाश पांढरा असतो आणि पट्टी तिच्या जन्मदात्याच्याच हातात असते. तीन चाचण्या घ्या.

पहिली, तीन वेगवेगळ्या दिवशी तीन खेपा, प्रत्येकीत तीस पट्ट्या. एकाच खेपेतल्या नव्वद पट्ट्यांनी काही सिद्ध होत नाही. बिघाड खेपांमधल्या फरकात लपलेला असतो: मेण किती खोल मुरलं, जस्ताची भुकटी किती जाड होती, वाळवताना खोलीत दमटपणा किती होता.

दुसरी, अनोळखी हात. पट्टी आणि एक पानी सूचना बाहेरच्या पाच जणांना द्या आणि गप्प उभे राहा. कोणी पट्टी उलटी बुडवेल, कोणी तीस सेकंदांऐवजी पाच मिनिटांनी रंग बघेल. एकदाही तोंड उघडायचं नाही. मुलांना हे फार जड जातं.

तिसरी, टिकाऊपणा, कारण आपला दावाच तो आहे. वर्षभर थांबता येत नाही म्हणून तापमान वाढवून जुनं करतात. तापमान दर १० अंशांनी वाढलं की रासायनिक ऱ्हास साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम. २५ऐवजी ५५ अंशांवर ठेवलं तर आठपट, म्हणजे सुमारे ४६ दिवसांत एक वर्ष. ही चाचणी सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात लावली तरच निकाल हाती येतो, म्हणून क्रमाने इथे असली तरी कामाला आधी घ्या. आणि एक खाच लक्षात असू द्या: उष्णतेने होणारा ऱ्हासच यात दिसतो. ग्रीसच्या मिश्रणातला एक घटक प्रकाशाने बिघडतो, जस्त दमटपणाने. कोरड्या, अंधाऱ्या भट्टीत दोन्ही सुखरूप राहतात आणि आकडे खोटा दिलासा देतात. एक संच दमट हवेत, झाकण उघडं ठेवूनच लावा. नाहीतरी मुलाखतीतली तक्रार तीच होती.

८. खर्च मांडा, पट्टीचा नव्हे, विकल्या गेलेल्या पट्टीचा

मुलं फक्त कच्च्या मालाचा खर्च धरतात. तो १ धरू. कापणं-छापण्याची मजुरी ०.८, झाले १.८. शंभरातल्या ऐंशीच पट्ट्या चांगल्या निघतात, म्हणून १.८ भागिले ०.८, म्हणजे २.२५. फॉइल पाकीट आणि ओलावा शोषणारी पुडी १.२, झाले ३.४५. दर खेपेतल्या ५ टक्के पट्ट्या तपासणीतच खर्ची पडतात, झाले ३.६३. कार्यालय, विक्री आणि नफा यांसाठी विक्रीच्या निम्मे ठेवायचे, म्हणजे ७.२६. वितरक अंतिम किमतीच्या ३० टक्के घेतो, झाले १०.३७. 'आमची पट्टी १ला पडते' म्हणणाऱ्या गटासाठी हा आकडा फळ्यावर पायरीपायरीने चढत जाऊ द्या.

आता कप्प्यांची युक्ती इथे घाला. पट्टी दमट हवेत खरोखर टिकत असेल, तर वेगळं पाकीट लागत नाही. साध्या डब्यात भागतं. पॅकिंग १.२वरून ०.३वर आलं की शेवटचा आकडा ७.६७ होतो. मघाशी जे पाकीट प्रतिस्पर्धी वाटत होतं, त्याचाच वाचलेला खर्च आता शोधाची किंमत ठरतो. आणि तो खर्च सोसतो पट्टी बनवणारा कारखाना. ग्राहक कोण, याचं उत्तर कधी कधी असं खर्चाच्या तक्त्यातून निघतं.

९. नियमांची चौकशी दाव्यापासून करा

नियम वस्तूला लागत नाहीत, तुम्ही तिच्याबद्दल काय म्हणता त्याला लागतात. तीच पट्टी 'मत्स्यालयासाठी' म्हणून विकली तर फारसं काही लागत नाही. 'पिण्याचं पाणी सुरक्षित आहे' असं म्हटलंत तर मान्यताप्राप्त पद्धतीशी तुलना दाखवावी लागेल. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची नायट्रेटची मार्गदर्शक मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे, तर तुमची पट्टी ४० आणि ६० यांत फरक दाखवते का, हा पहिला प्रश्न. आणि त्याच तत्त्वावरची पट्टी लघवीतल्या संसर्गासाठी म्हणून आणली तर ती वैद्यकीय उपकरण होते, मग आयएसओ १३४८५ या वैद्यकीय उपकरणांच्या मानकाची गुणवत्ता व्यवस्था आणि चाचण्या. प्रत्येक गटाकडून डब्यावर छापायचं एक वाक्य लिहून घ्या आणि त्यातल्या एकेका शब्दाचा पुरावा मागा.

१०. लायसन्स की कंपनी

सगळ्यांनी कंपनीच काढावी असा आग्रह धरू नका. ढोबळ कसोटी अशी: शोध दुसऱ्याच्या उत्पादनातली एक सुधारणा असेल तर लायसन्स, शोधाभोवती अख्खं उत्पादन आणि पुढे आणखी उत्पादनं उभी राहत असतील, तर कंपनी. आपली पट्टी पहिल्या प्रकारात मोडते.

लायसन्सच्याही तऱ्हा आहेत. कोहेन-बॉयर यांचं पेटंट कोणा एकाला न देता ४६८ कंपन्यांना दिलं गेलं. गूगलच्या पेजरँकचं (शोधात पानांचा क्रम लावण्याच्या पद्धतीचं) पेटंट स्टॅनफर्ड विद्यापीठाचं; ते एकाच कंपनीला दिलं गेलं आणि विद्यापीठाने बदल्यात शेअर घेतले, जे २००५मध्ये सुमारे ३३.६ कोटी डॉलरला विकले गेले. पहिलं तंत्र सगळ्या उद्योगाला लागणारं होतं, दुसऱ्यावर कोणीतरी सगळं पणाला लावल्याशिवाय ते उभं राहणार नव्हतं.

प्रत्येक गटाकडून एक पानी अटींचा मसुदा लिहून घ्या: कुठल्या वापरासाठी, कुठल्या देशांत, एकाला की अनेकांना, सुरुवातीची रक्कम, रॉयल्टी कशाच्या किती टक्के, दरवर्षीची किमान रक्कम, आणि अमुक तारखेपर्यंत उत्पादन आणलं नाही तर हक्क परत. शेवटची अट मुलं नेहमी विसरतात. ती नसेल तर एखादी कंपनी फक्त स्पर्धा अडवायला लायसन्स घेऊन कपाटात ठेवते. वापराचं क्षेत्रही नेमकं लिहा: पाण्याच्या चाचणीसाठी एका कंपनीला दिलं तरी वैद्यकीय वापर आपल्याकडे राहिला पाहिजे.

११. गुण कशाला

मुलाखतींच्या नोंदींना ४०, नमुन्याच्या चाचण्यांना २०, खर्च आणि अटींच्या मसुद्याला २०, शेवटच्या निर्णयाला आणि त्यामागच्या पुराव्याला २०. सादरीकरणाला वेगळे गुण नकोत. 'हा शोध सध्या पुढे नेऊ नये' हा निर्णय पुराव्यासह आला तर त्याला पूर्ण गुण मिळतील, हे पहिल्या दिवशी लिहून द्या. नाहीतर बाराव्या आठवड्यात मुलं आकडे वळवायला लागतात, आणि तुम्हाला ते दिसूनही सिद्ध करता येत नाही.

१२. सत्र संपल्यावर

विद्यार्थी पांगतात, घड्याळ चालू राहतं. शेवटच्या तासाला प्रत्येक गटाची एक फाइल बंद करून घ्या: मुलाखतींच्या मूळ नोंदी, खेपांचे आकडे, खर्चाचा तक्ता, पेटंटांची यादी. वर एक कागद लावा. त्यावर तात्पुरत्या अर्जाची तारीख, १२ महिन्यांची तारीख, ३० महिन्यांची तारीख, आणि त्या तारखांना निर्णय कोण घेणार त्याचं नाव. नाव विभागाचं किंवा समितीचं नको, एका माणसाचं हवं, आणि तो माणूस तेव्हा संस्थेत असणार आहे ना, हे त्यालाच विचारून घ्या.